आढळून आले नाहीत

"अनुसूचित जमाती, स्त्री!" फोन कानाला लावूनच अंकुश भाऊजींनी मोठ्यानं सांगितलं आणि मारुतीच्या पारावर बसलेली माणसं हसायला लागली.

अंगणवाडीची खोली पाराला लागूनच. मी आत पोरांची वजनं घेत होते. तालुक्याला सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत होती त्या दिवशी, आणि सकाळपासून सगळं गाव त्या फोनची वाट बघत होतं.

"आता आली का पंचाईत! जमात कुठनं आणायची आपण?"

"बघा एखादी भाड्यानं मिळती का."

पुन्हा हसणं. मग त्यातलंच कुणीतरी म्हणालं, "आणायला कशाला पाहिजे? हाय की गायरानात."

आणि हसणं थांबलं. इतकं एकदम थांबलं की मी वजनकाट्याच्या झोळीत बसवलेल्या पोरीवरची नजर काढून खिडकीतून बाहेर बघितलं. अंकुश भाऊजी फोन खिशात टाकत होते.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. आमचं गाव खडकतळे. मतदार चौदाशेच्या आसपास. गावाच्या पूर्वेला, ओढा ओलांडला की गायरान लागतं, आणि त्या गायरानात पारध्यांची अकरा पालं होती. पालं म्हणायची, पण निम्म्यांना मातीच्या भिंती आणि पत्र्याची दारं आली होती. इंग्रज साहेबांच्या राज्यात त्यांच्या जातीवर जन्मतःच चोर म्हणून शिक्का मारायचा कायदा होता. तो कायदा जाऊन किती वर्षं झाली, पण आमच्या गावात कोंबडी हरवली तरी माणसं आधी ओढ्यापलीकडं बघायची. चौदाशेतले अडतीस मतदार तिथले. ती अडतीस नावं यादीत मीच घातली होती. अंगणवाडी सेविकेच्या कामाबरोबर मतदार यादीचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी गायरानात जाऊन एकेकाला पांढऱ्या चादरीपुढं उभं करून फोटो काढले होते. दर पंचवीस जानेवारीला शाळेत मतदारांची शपथही मीच वाचून दाखवायची. धर्म, वंश, जात यांचा विचार न करता मतदान करू, असं सगळी पोरं माझ्यामागं एका सुरात म्हणायची.

सरपंच तेव्हा निवडून आलेल्या सदस्यांमधूनच व्हायचा. तीन नंबर वॉर्डातली एक जागा आदिवासी बाईला होतीच. आता सरपंचपदही तिलाच. म्हणजे गायरानातली जी बाई निवडून येईल, ती आपोआप सरपंच.

चौथ्या दिवशी सोजर अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली.

सोजर इंदर काळे. वय माझ्याएवढंच, चाळिशीच्या आतबाहेर. गावात तिला सगळेच अरेतुरे करायचे. मीही करत होते. तिची दोन नातवंडं माझ्या अंगणवाडीत होती. सुरुवातीला बाकीच्या आयांनी कुरकुर केली होती, तेव्हा मी म्हटलं होतं, खिचडी एकाच पातेल्यातली आहे, ज्याला नको त्यानं नेऊ नये. त्या एका वाक्यावर मी स्वतःला बरीच चांगली समजत होते.

ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाली, "बाई, एक इचारायचं व्हतं. मी उभी राहू का?"

"कुठं?"

"मतदानाला. पटोळे गुरुजी म्हनले, तुझ्याकडं दाखला हाय, तू राहू शकती."

दाखला तिच्याकडं खरंच होता. गायरानातल्या बाकी कुणाकडं नव्हता. थोरल्या नातीला आश्रमशाळेत घालायचं तर आधी घरातल्या मोठ्या माणसाचा दाखला लागायचा, म्हणून तिनं दोन वर्षं तालुक्याचे खेटे घातले होते. कचेरीत म्हणायचे, पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा आणा. पारध्याचा पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा कुठला? शाळा नाही, सातबारा नाही. शेवटी पटोळे गुरुजींनी एका जुन्या पोलीस दप्तरातून तिच्या आज्याचं नाव शोधून काढलं. रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी द्यायला लागणाऱ्या गुन्हेगारांच्या यादीतलं. आज्याला चोर ठरवणाऱ्या कागदावर सोजरला जातीचा दाखला मिळाला.

"राहा की," मी म्हटलं. "कायद्यानं तुझा हक्कच आहे."

"लोकं?"

"लोक बोलतील दोन दिवस."

तिनं ओढ्याकडं हात केला. "मला दुसरं काय नको. पान्याची पाइपलाइन वड्याच्या अलीकडं थांबलीय. तीनशे पावलं हायत, मी मोजल्यात. तेवढी न्यायची." मग नातवंडांना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, जे मला कधीच कळत नसे, आणि निघून गेली.

किती सहज म्हटलं मी, राहा की.

त्याच आठवड्यात अंकुश भाऊजी घरी आले. आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. विहीर दोघांत सामाईक. पंधरा वर्षं ग्रामपंचायत त्यांच्याच हातात होती. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. माझ्या धाकट्या दिराच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात बसला होता. चहा घेता घेता त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला.

"वहिनी, हे नमुना सातचे अर्ज. मतदार यादीतनं नाव वगळायचे."

मी वरचा उलटला. इंदर काळे. खालचा, सोजर काळे. सगळे गायरानातले. कारण सगळ्यांचं एकच, 'कायमस्वरूपी स्थलांतरित'.

"भाऊजी, ते तर तिथंच राहतात. मी रोज लेकरं आणते तिथनं."

"मग तसं लिहा ना तुम्ही. आम्ही कुठं खोटं लिहा म्हणतो? हरकत घ्यायचा हक्क प्रत्येकाला हाय. तुमचं काम काय? जायचं, बघायचं, आणि जे दिसंल ते लिहायचं."

"तिथं गेल्यावर तसंच लिहीन मी."

"तसंच लिहा," ते हसून म्हणाले आणि कप खाली ठेवला.

ते गेल्यावर आमचे हे बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "भाऊबंदकीत राहायचंय आपल्याला. एवढं ध्यानात ठेव."

मी म्हटलं, "मी खरं तेच लिहिणार आहे." माझा त्यावर विश्वास होता.

दोन दिवसांनी विहिरीवरची मोटर गेली. अंकुश भाऊजींच्या दुसऱ्या विहिरीवरची, ओढ्याकाठची. सकाळी गावभर झालं, आणि दुपारी बाराच्या सुमाराला पोलिसांची गाडी पाराजवळून सरळ गायरानाकडं गेली. कुणाला विचारलं नाही, विहीर बघितली नाही.

मी पोरांना खिचडी वाढत होते. ओढ्यापलीकडून ओरडणं ऐकू यायला लागलं. आधी कुत्र्यांचं, मग बायकांचं. सगळी पोरं खिडकीकडं धावली. सोजरची दोन नातवंडं तेवढी जागची हलली नाहीत. घास हातात धरून बसून राहिली. चार वर्षांची पोरगी आणि तीन वर्षांचा पोरगा, पण तो आवाज कशाचा ते त्यांना ठाऊक होतं.

थोड्या वेळानं सोजर मागच्या बाजूनं, बाभळीतून आली. डोक्यावरचा पदर फाटला होता, एका हातात चप्पल. आत शिरली. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली ती. दोन्ही लेकरांना काखेत घातलं.

"ह्यांना नेलं, बाई. मारत मारत गाडीत घातलं. बाकीच्यांना बी नेतो म्हनलेत सांजच्याला येऊन. समदी पळाली. मी बी जाते."

"कुठं जातेस? थांब ना, मी बोलते कुणाशी तरी—"

"कुनाशी?" तिनं विचारलं. ते टोचून विचारलं नव्हतं. खरंच तिला वाटलं असावं की कुणीतरी असेल, ज्याच्याशी मी बोलू शकते.

"कुटं जाते ते इचारू नका. तुमाला कुनी इचारलं तर खोटं बोलायला लागंल."

ती गेली. पोरीच्या ताटलीत खिचडी तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तलाठी अंगणवाडीच्या दारात. मागं अंकुश भाऊजी आणि आणखी दोघं. "चला बाई, ती नमुना सातची स्थळपाहणी उरकून टाकू. अर्ज येऊन पडलेत, उशीर नको."

"आज?"

"आज काय वाईट आहे?"

मला तेव्हा सगळं लख्ख कळलं असं म्हणायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी मदतनीस बाईवर पोरं सोपवली आणि त्यांच्याबरोबर चालायला लागले. एखादा शासकीय माणूस पंच असलेला बरा, म्हणून वाटेत शाळेतून पटोळे गुरुजींना बरोबर घेतलं. गुरुजी आमच्या गावात नऊ वर्षं होते. शांत माणूस. स्वतः कुठल्या वस्तीतून वर आले होते ते गावाला माहीत होतं, आणि गाव ते विसरत नव्हतं.

गायरानात माणूस नव्हतं. पत्र्याची दारं ओढलेली, काहींना तारेनं बांधलेलं, उरलेल्या पालांची कापडं खाली पाडलेली. सोजरच्या दारापुढं परात पडली होती. त्यातलं भिजवलेलं पीठ वरून वाळून तडकलं होतं आणि एक कोंबडी पिलांना घेऊन ते टोचत होती. इंदरची एक वहाण चुलीजवळ पालथी. दोरीवर लहान मुलांचे कपडे. मातीत गाडीच्या चाकांचे माग अजून ताजे होते.

तलाठ्यांनी दगडावर बसून फाइल उघडली. "लिहा बाई. दिनांक. समक्ष स्थळपाहणी केली असता..."

मी लिहीत गेले. समक्ष स्थळपाहणी केली असता. सदर घरे बंद स्थितीत आढळली.

"खाली नमूद केलेले इसम सदर ठिकाणी राहत असल्याचे आढळून आले नाहीत," तलाठी सांगत होते.

माझं पेन थांबलं.

"काय झालं?" अंकुश भाऊजी म्हणाले. "कुणी आढळलं का तुम्हाला? दाखवा, आम्ही पण बघतो."

"काल होते," मी म्हटलं.

"आज नाहीत ना? जे दिसतं ते लिहिणार म्हणाला होता तुम्ही."

गुरुजी इतका वेळ त्या परातीकडं बघत उभे होते. ते म्हणाले, "का नाहीत, तेही लिहा. काल दुपारी पोलीस आले, एकाला मारत नेलं, त्या भीतीनं बाकीचे पळून गेले. कपडे दोरीवर आहेत, पीठ परातीत आहे. हेही दिसतंयच."

"गुरुजी, नमुन्यात कारणाला जागा नाही," तलाठी म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांनी कागद फिरवून दाखवलाही. खरंच नव्हती.

"मग समासात लिहा. मागच्या बाजूला लिहा. अर्धं खरं लिहून मी सही करणार नाही."

"नका करू. पंच दुसरे आहेत." भाऊजींबरोबरचे दोघं पुढं झाले.

गुरुजी माझ्याकडं वळले. "बाई, अहवाल तुमचा आहे. ह्यांचा नाही. तुम्ही लिहू शकता."

मी लिहू शकत होते. दोन ओळींचं काम होतं. मागची बाजू कोरी होती. पण समोर भाऊजी उभे होते, ज्यांच्याबरोबरच्या सामाईक विहिरीचं पाणी आमच्या उसाला जात होतं. माझ्या मानधनाच्या हजेरीवर ज्या कमिटीची सही लागायची, ती कमिटी त्यांची होती. आणि घरी सुपारी कातरणारा माणूस होता. हे सगळं मी आता ओळीनं सांगतेय. तेव्हा एकच वाटलं, की मी खोटं तर काही लिहीत नाहीये.

आढळून आले नाहीत. मी वाक्य पुरं केलं आणि खाली सही केली. सिंधू भानुदास तौर.

गुरुजी परत निघाले आणि ओढा उतरून गेले. तलाठ्यांनी सुनावणीच्या नोटिसा बंद दारांवर खळीनं डकवल्या. सोजरच्या दारावरची नोटीस वाऱ्यानं फडफडत होती, तर त्यांनी पुन्हा थोडी खळ लावून ती नीट बसवली. कामाला पक्का माणूस होता.

चार दिवस मी नीट जेवले नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींकडं गेले. त्यांच्या बायकोनं, मंगलताईंनी, दार उघडलं आणि मला बघून क्षणभर दारातच थांबल्या. मग म्हणाल्या, "या."

"सुनावणी सोमवारी आहे," मी गुरुजींना म्हटलं. "ते आले आणि म्हणाले की आम्ही इथलेच, तर नावं राहतील. नोटीस दारावर आहे, ते कुठं आहेत कोण जाणे. त्यांना सांगायला हवं."

गुरुजींनी कुठलाही टोमणा मारला नाही. गाडीची किल्ली घेतली.

दोन संध्याकाळी आम्ही शोधत होतो. शेवटी बाजारच्या गावी त्यांच्या नात्यातली एक बाई भेटली, आणि तिच्या सांगण्यावरून तीस-बत्तीस किलोमीटर लांब, कापणी झालेल्या एका ज्वारीच्या रानात सोजर सापडली. धाटांच्या आडोशाला सात-आठ बायका आणि लेकरं. आमची मोटरसायकल बघून लेकरं आधी पळाली.

"सोमवारी तालुक्याला यायचं, सोजर," मी म्हटलं. "साहेबांपुढं सांगायचं, आम्ही तिथंच राहतो म्हणून. नाहीतर यादीतून नाव जाईल. मग तुला उभं राहता येणार नाही."

"सोमवारी?"

"हो. अकरा वाजता."

"सोमवारी ह्यांना कोर्टात आननार हायत. वकील म्हनलाय, जामिनाला घरचं मानूस पायजे. अकरालाच. न्हाई गेलं तर पुना चौदा दिवस आत." ती खाली बसली. "त्यांच्या बरगडीला लागलंय, बाई. मी बघून आले जाळीतनं. नीट श्वास घेता येत न्हाई त्यांना."

कोर्ट जिल्ह्याला, कचेरी तालुक्याला. मधे पन्नास किलोमीटर.

"बाकीच्या कुणी येतील?" गुरुजींनी विचारलं. "सोजरबाई, दोघी-तिघी आल्या तरी चालेल."

सोजरनं मागं वळून त्या बायकांना त्यांच्या बोलीत विचारलं. कुणी मान वर केली नाही. एका म्हातारीनं नुसता हात हलवला.

"कचेरीला लागूनच पोलीस ठेसन हाय," सोजर म्हणाली. "दिसली की धरत्यात. त्या न्हाई येनार." मग एकदम माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं मला कधी हात लावला नव्हता. "बाई, तुमी सांगा की. तुमाला तर ठाव हाय आमी तितंच राहतो. तुमी शिकलेल्या, सरकारी. तुमचं ऐकत्याल."

मी हो म्हटलं. अहवालाचं मी तिला सांगितलं नाही.

रविवारी गुरुजी गावात फिरले. बावीस घरांची दारं वाजवली त्यांनी. मागणं एवढंच, की उद्या कचेरीत येऊन सांगा, पारधी इथंच राहतात, वीस वर्षांपासून राहतात. ह्यात कुणाच्या बाजूनं बोलायचं नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणण्याइतकंच ते खरं होतं. लोक म्हणाले, खरंय गुरुजी तुमचं. पण उद्या लग्न आहे. पण उद्या पाण्याची पाळी आहे. पण आमचं नाव कशाला. एकानं दार न उघडता आतूनच सांगितलं, मी घरी नाही.

सोमवारी आम्ही पाच जण होतो. गुरुजी, मंगलताई, हौसा कासारीण, सायकल दुकानवाले उस्मानभाई, आणि मी. हौसाबाई म्हणाली, "मी त्या बायांना बांगड्या भरते. तिथं राहत नाहीत तर काय भुतांना भरते का?" एसटीत ती हे तीन वेळा म्हणाली. तिला तेच साहेबांपुढं म्हणायचं होतं.

साहेब तरुण होते, सभ्य होते. आम्हाला बसायला सांगितलं. मी उभी राहिले आणि सांगितलं. हे लोक गायरानातच राहतात, साहेब. मी रोज जाते. त्यांची नावं मीच नोंदवली. पोलिसांच्या भीतीनं ते सध्या बाहेर आहेत, परत येणार आहेत.

त्यांनी ऐकून घेतलं. मग फाइल उघडून एक कागद माझ्यापुढं केला.

"हा अहवाल तुमचाच ना?"

"हो."

"सही तुमची?"

"हो, साहेब."

"ह्यात तुम्ही म्हणता, राहत असल्याचे आढळून आले नाहीत. आणि आता म्हणता, राहतात. लेखी एक आणि तोंडी एक? मी कुठलं धरू?"

खोलीत पंखा फिरत होता. मागं अंकुश भाऊजी खुर्चीवर बसले होते. त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

"साहेब, त्या दिवशी ते नव्हते. आदल्या दिवशी—"

"आदल्या दिवसाचं अहवालात काही नाही."

"मी लिहिलं नाही," मी म्हटलं.

"का?"

ह्याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. ते उत्तर मला पूर्ण माहीत होतं. भाऊजींची खुर्ची मागं किंचित करकरली. मी म्हटलं, "नमुन्यात जागा नव्हती."

गुरुजी बोलले, चांगलं बोलले. हौसाबाईनं भुतांचं वाक्य म्हटलं, आणि कारकून हसला. उस्मानभाईंनी सांगितलं की इंदरची सायकल दुरुस्तीला अजून त्यांच्याच दुकानात आहे. साहेबांनी सगळं टिपून घेतलं. मग म्हणाले, "तुमची तळमळ समजते. पण संबंधित अडतीसपैकी एकही जण हजर नाही, आणि ज्यांच्या अहवालावर मी जायचं त्यांनी लेखी असं दिलंय. नंतर ते परत आले तर पुन्हा नाव नोंदवता येईलच. नमुना सहा भरा. मार्ग बंद होत नाही."

मार्ग बंद झाला नाही. निवडणुकीची यादी तेवढी आठ दिवसांनी बंद झाली.

तीन नंबर वॉर्डातल्या त्या जागेला एकही अर्ज आला नाही. जागा रिकामी राहिली. सरपंचपद रिकामं राहिलं. अंकुश भाऊजी उपसरपंच झाले आणि पाच वर्षं त्यांनीच कारभार बघितला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वरून विचारणा आली तेव्हा ग्रामपंचायतीनं उत्तर पाठवलं, पात्र उमेदवार उपलब्ध नाही.

मोटर कुठं होती, तेही कळलं. तालुक्याच्या एका रिवायंडिंगच्या दुकानात. जळाली होती म्हणून भाऊजींच्याच गड्यानं नेऊन टाकली होती. दुकानदारानं चारचौघांत विचारलं, तुमची मोटर कधी नेताय? लोक हसले. ही गोष्ट गावात गंमत म्हणून सांगायचे. भाऊजींना खरंच ठाऊक नव्हतं, असं ते आमच्या ह्यांना म्हणाले. असेलही. मी त्यावर कधी काही बोलले नाही.

इंदर दोन महिन्यांनी सुटला. त्या सोमवारी जामीन झाला नव्हता. सोजर कोर्टाच्या आवारात संध्याकाळपर्यंत बसली आणि पुढची तारीख घेऊन परतली. पुरावा काहीच नव्हता, म्हणून शेवटी सोडला. पण त्यानंतर त्याला ओझं उचलता आलं नाही.

पावसाळा सरता सरता ती माणसं परत आली. सोजर एक दिवस दुपारी, पोरं गेल्यावर अंगणवाडीत आली आणि उंबऱ्याबाहेर बसली.

"गुरुजींची बदली झाली म्हनं."

"हो. जूनमध्येच. लांब टाकलंय."

"आमच्यापायी?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"बाई, त्या कागदावर काय लिवलं व्हतं तुमी? गुरुजींना इचारलं तर म्हनले, बाईंनाच इचार."

मी तिला म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द पाठ होतं. समक्ष स्थळपाहणी केली असता सदर घरे बंद स्थितीत आढळली. खाली नमूद केलेले इसम सदर ठिकाणी राहत असल्याचे आढळून आले नाहीत.

तिनं ते नीट ऐकलं, आणि पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. मी पुन्हा म्हटलं.

"खोटं न्हाई काय त्यात," ती म्हणाली.

त्यापेक्षा तिनं मला चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

नमुना सहा मी भरले. एकेक करत दीड वर्ष लागलं. कधी फोटो नाही, कधी रहिवासाचा पुरावा नाही. पुरावा म्हणून कचेरीत एकदा माझाच तो अहवाल पुढं आला. अडतीसपैकी एकतीस नावं परत लागली. दोन माणसं मधे वारली. पाच जण म्हणाले, आता नको बाई, नाव असलं की घर सापडतं.

पुढच्या निवडणुकीला सोजर मतदानाच्या दिवशी शाळेजवळ भेटली. मी बूथबाहेर टेबलावर यादी घेऊन बसले होते. तिचं नाव काढून मी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन ती तिथंच उभी राहिली.

"ह्या वक्ताला तीन नंबरात कुनाची जागा हाय?"

"सर्वसाधारण आहे ह्या वेळी."

"म्हंजी कुनाची?"

"म्हणजे सगळ्यांना खुली," मी म्हटलं. "कुणीही उभं राहू शकतं."

"कुनीबी?"

"हो."

सोजर हसली. मी तिला त्याआधी कधी हसताना बघितलं नव्हतं. बराच वेळ हसली ती, तोंडाला पदर लावून. बंदोबस्तावरच्या पोलिसानं वळून बघितलं, तशी गप्प झाली. मग बायकांच्या रांगेत गेली. तिच्यापुढच्या बाईनं एक पाऊल पुढं सरकून मधे अंतर टाकलं, आणि सोजर त्या अंतराच्या मागं, चिठ्ठी मुठीत धरून उभी राहिली.